जिप्सी घ्या, पण एफडीला हात न लावता

भांडुपच्या एका वाचकांचं पत्र थोडक्यात असं. वय 46, खासगी कारखान्यात मेंटेनन्स सुपरवायझर, हातात 92,000 रुपये पगार. पत्नीच्या शिकवण्यांचे 15,000. घराचा हप्ता 31,000, अजून सहा वर्षं चालणार. मुलगी अकरावीत. एसआयपी, विमा, घरखर्च सगळं जाऊन महिन्याला 16,000 उरतात. दिवाळीला बोनस साधारण 1.1 लाख. बँकेत सात लाखांची एफडी. पनवेलला 1998 ची जिप्सी किंग, म्हणजे मारुतीची जुनी जीपसारखी गाडी, पाहून ठेवली आहे. मालक 2.4 लाख मागतो आणि ओळखीचा मेकॅनिक म्हणतो, ‘तीन लाखांत नवी करून देतो’. निम्मं काम वाचक स्वतः रविवारी सोसायटीच्या पार्किंगमध्ये करणार आहेत. आरसी (गाडीचं नोंदणीपत्र) मालकाच्या वडिलांच्या नावावर आहे, ते वारले. पासिंग, म्हणजे आरटीओच्या नोंदणीची मुदत, 2023 मध्ये संपलंय. प्रश्न असा की एफडी मोडावी की पर्सनल लोन घ्यावं? आणि खाली एक ओळ : ‘जुन्या जिप्सीला भाव येतोय, म्हणजे गुंतवणूकही होईल ना?’

एफडीही मोडू नका आणि लोनही घेऊ नका. जिप्सी मात्र घ्या, असं मी म्हणेन. फक्त आज नाही, आणि ज्या पद्धतीने तुम्ही ठरवलंय तशी नाही.

आधी ती शेवटची ओळ निकालात काढू. 2.4 लाखांची गाडी आणि तीन लाखांचं काम, म्हणजे 5.4 लाख. हेच पैसे सात टक्क्यांनी सहा वर्षं ठेवले तर 8.1 लाख होतात. गाडी उभी ठेवली तरी वर्षाला खर्च आहेच. सोसायटीचं दुसरं पार्किंग तुम्ही महिना 1,500 लिहिलंय, म्हणजे 18,000. इंजिन 1298 सीसीचं, त्यामुळे थर्ड पार्टी विमा 3,416 रुपये अधिक जीएसटी. ऑइल, ग्रीस, बॅटरी, कधी टायर, कधी सायलेन्सर धरून वर्षाचे 40,000 सहज. सहा वर्षांचे 2.4 लाख. म्हणजे ही जिप्सी साडेदहा लाखांना विकली गेली तर कुठे तुम्ही एफडीच्या बरोबरीला येता. विकणारे मागतात काय आणि प्रत्यक्षात हातात पडतं काय, यात किती फरक असतो ते तुम्हाला पनवेललाच कळेल. शिवाय मुंबई महानगरात पेट्रोल-डिझेलच्या गाड्या टप्प्याटप्प्याने कमी करता येतील का, हे पाहायला राज्य सरकारने 2025 च्या सुरुवातीला समिती नेमली. पुढे काय ठरेल त्यावर तुमच्या गाडीचा भाव ठरणार. एक बाब तुमच्या बाजूची आहे : स्वतःच्या वापराची गाडी नफ्यात विकली तर भांडवली नफ्यावर कर लागत नाही. पण तोटा झाला तर तो कुठे वजाही करता येत नाही. तेव्हा घरी ‘गुंतवणूक’ हा शब्द वापरू नका. छंदाचा खर्च म्हणा. पत्नीला ते जास्त पटेल.

आता एफडी. सात लाख मोकळे दिसतात, पण मोकळे नाहीत. मुलगी अकरावीत म्हणजे दोन वर्षांच्या आत प्रवेशाची फी, हॉस्टेल, लॅपटॉप. चार लाख तिथे बांधले गेले. उरलेले तीन लाख म्हणजे तुमच्या घराचा जेमतेम तीन महिन्यांचा खर्च. खासगी नोकरी, वय 46, डोक्यावर हप्ता; हा गल्ला कमीच आहे, त्यातून जिप्सीला काही देता येणार नाही. पर्सनल लोनचं म्हणाल तर पाच लाख, 13 टक्के, पाच वर्षं : हप्ता सुमारे 11,400 आणि व्याजच 1.8 लाखांच्या वर. गाडी गॅरेजमध्ये खोललेली पडली असली तरी हप्ता पाच तारखेला जाणारच.

खरी अडचण किमतीची नाहीच. अशा गाडीला पैसे लावून पस्तावलेले लोक भेटतात, ते बहुतेक गाडी खोलून बसलेले असतात. बॉडी उतरवली, इंजिन खाली काढलं, पार्ट पोत्यात भरले आणि मग पैसा किंवा मेकॅनिकचा उत्साह संपला. चालती जिप्सी कधीही विकता येते. खोललेली जिप्सी भंगारवाला वजनावर मागतो. म्हणून माझी अट एकच : गाडी चालती घ्या आणि शेवटपर्यंत चालती ठेवूनच काम करा. एका वेळी एकच भाग, तो पुरा झाल्याशिवाय दुसरा उघडायचा नाही. असं केलं की खर्च महिन्यांत वाटला जातो आणि घरात अडचण आली तर कुठल्याही टप्प्यावर थांबता येतं. मेकॅनिकच्या तीन लाखांच्या ठोक सौद्यात हीच सोय जाते. न खोलता दिलेला आकडा तसाही अंदाजच असतो, त्यावर निदान दीड लाख जास्त धरा.

पैशांची जुळवणी अशी. पुढचे आठ महिने उरणारे 16,000 वेगळ्या खात्यात टाका : 1.28 लाख. त्यात दिवाळीचा बोनस घाला, 2.4 लाखांच्या आसपास पोचता. घेतल्यानंतर महिन्याला 10,000 गाडीचे. पार्किंग, विमा, पार्ट, मजुरी सगळं त्यातच. उरलेले 6,000 एफडीकडे, म्हणजे तो तीन लाखांचा गल्ला थोडा वाढेल. हौस वाढली तरी 10,000 चे 14,000 करायचे नाहीत.

तोवर गाडी हातची जाईल, ही भीती कळते. पण या गाडीचे कागद पाहता आठ महिने मालकालाही लागणार आहेत. वडील वारले असतील तर आधी आरसी वारसाच्या नावावर व्हायला हवी, बाकी वारसांच्या संमतीसह. मग पासिंग. 2025 पासून वीस वर्षांपुढच्या चारचाकीला नोंदणी नूतनीकरणाची फी 10,000 रुपये आहे, उशिराचा दंड महिन्याला 500, पर्यावरण कर वेगळा आणि नवी नंबरप्लेट वेगळी. हा खर्च कुणी करायचा हे बोलून घ्या. माझं मत विचाराल तर मालकाने. तुम्ही दहा हजार टोकन द्या, साध्या कागदावर अटी लिहून घ्या. बाकी रक्कम गाडी त्याच्या नावावर आणि पास झाल्यावर, ट्रान्सफरच्या सह्या होताना. तो नाही म्हणाला तर दुसरी जिप्सी शोधा. 1985 ते 2019 एवढी वर्षं ही गाडी बनली, लष्करानेही भरपूर वापरली. गाड्याही मिळतात, पार्टही मिळतात.

बघायला जाल तेव्हा रंगाकडे पाहू नका. खाली झोपा. मागच्या पाट्यांच्या (स्प्रिंगच्या) हँगरजवळ, बॉडी जिथे चासीवर बसते तिथे, मागच्या चाकांच्या कमानीत आतून स्क्रूड्रायव्हरची मूठ ठोकत जा. खणखणीत वाजलं तर पत्रा आहे. भद्द वाजलं तर पुट्टी आहे, आणि मुंबईच्या खाऱ्या हवेत त्या पुट्टीमागे काय असतं ते सांगायला नको. चासी नंबर वायर ब्रशने घासून स्पष्ट वाचता येतो का बघा, कारण आरटीओत त्याची पेन्सिल प्रिंट लागते. इंजिनावरचा नंबर आरसीशी ताडा. जिप्सीत मारुतीच्याच एस्टीम मोटारीचं इंजिन बसवलेलं सर्रास दिसतं. आरसीवर त्याची नोंद नसेल तर पासिंगला गाडी अडेल, आणि परवानगीशिवाय केलेल्या प्रत्येक बदलाला 5,000 दंडाची तरतूद कायद्यात आहे. मोठे टायर, विंच वगैरे स्वप्नंही याच हिशेबात धरा. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरून जुनं इंजिन किंवा गिअरबॉक्स उचलणार असाल तर बिलाशिवाय घेऊ नका.

कामाचा क्रम पैशांच्या दृष्टीनेही महत्त्वाचा. पहिल्यांदा ब्रेक आणि पेट्रोलची लाइन. 1998 ची गाडी कार्बोरेटरची आहे. आता पंपावर वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं आणि जुने रबरी पाइप, पंपाचा डायफ्राम त्याला टिकत नाहीत. पार्किंगमध्ये वर माणसं राहतात, खाली पेट्रोल ठिबकतंय, हे सोसायटी एकदाच सहन करील. मग स्टिअरिंग आणि पुढची चाकं ज्यावर वळतात त्या किंगपिनचे बेअरिंग. त्यानंतर वायरिंग. हे सगळं तुमच्या हाताला जमण्यासारखं आहे, मेंटेनन्समध्ये आयुष्य गेलंय तुमचं. जॅकवर विसंबून गाडीखाली जाऊ नका, घोडी (लोखंडी स्टँड) लावा, एवढं सांगायचीही गरज नसावी. वेल्डिंग मात्र सोसायटीत नाहीच, ते गॅरेजला. इंजिनाला हात लावण्याआधी कॉम्प्रेशन तपासा. ठीक असेल तर रिबोरचे, म्हणजे सिलिंडर आतून पुन्हा कातून घेण्याचे, पैसे वाचले, मेकॅनिक काहीही म्हणो.

विम्याबद्दल एक गोष्ट लोक विसरतात. पाच वर्षांपुढच्या गाडीची विमा रक्कम कंपनी आणि मालक आपसांत ठरवतात, आणि इतक्या जुन्या गाडीला पूर्ण विमा द्यायला कंपनी तयार होईलच असं नाही. थर्ड पार्टीवरच राहिलात तर चोरी किंवा आगीत तुम्ही लावलेला एकही रुपया परत येत नाही. म्हणून बिलं जपा, कामाचे फोटो ठेवा आणि पूर्ण विमा मिळतो का हे गाडी घेण्याआधी दोन-तीन कंपन्यांना विचारा. विंटेज नोंदणीचं तुम्ही विचारलंय, ते डोक्यातून काढा. त्याला पन्नास वर्षं लागतात, शिवाय तशी गाडी रोज रस्त्यावर आणता येत नाही.

रंग सगळ्यात शेवटी, पावसाळा उलटल्यावर. आणि मुलीच्या प्रवेशाच्या वर्षी मे ते ऑगस्ट या चार महिन्यांत गाडीचे 10,000 सुद्धा बंद ठेवा. पार्किंग आणि विमा तेवढा भरा.