पतंगाची कमान तासताना

येवल्याच्या संक्रांतीसाठी पतंग स्वतः बांधणार असशील, तर आधी कामटी, म्हणजे कमानीची बांबूची पट्टी, ओळख. तिचा ताठरपणा जाडीच्या घनाने बदलतो: २ मिमीची कामटी १.८ वर आणली की २७ टक्के ताठरपणा गेला! म्हणून चाकू नको, काचेच्या तुकड्याने खरवड. तेही पोटाकडून, म्हणजे आतल्या बाजूने; सालीकडचे तंतू सर्वांत दाट, त्यांना हात लावू नकोस.

कामटीचा बोटावर तोल जमला म्हणून हुरळून जाऊ नकोस, दोन्ही बाजू सारख्या वाकायला हव्यात. टोकांना दोरा बांधून वाकव, कागदावर कमान आख, मग टोकांची अदलाबदल करून त्याच रेषेवर ठेव. जी बाजू जास्त वाकते ती कमजोर, खरवडायची दुसरी. टोकं खरवडून फारसं काही होत नाही, वाक मध्याजवळच जास्त असतो. पेर, म्हणजे बांबूची गाठ, मध्यापासून एका बाजूला आलं असेल, तर ती कामटी सरळ चुलीत घाल.