सील न फोडलेली बाटली

‘अळंबीच्या कॅप्सूलनी प्रतिकारशक्ती वाढते म्हणतात, आईला देऊ का?’ सिंधुदुर्गातल्या माझ्या समुपदेशनाच्या खोलीत कर्करुग्णांचे नातेवाईक हा प्रश्न इतक्या वेळा विचारतात की, त्यातल्या एका चाकरमान्याची हकिगत तपशील बदलून इथे मांडत आहे.

आई मालवणजवळच्या गावी एकटी, मुलगा मुंबईत. स्तनाच्या कर्करोगावरील केमोथेरपीत तिच्या पांढऱ्या पेशी घटल्याचे कळताच त्याने रेशी अळंबीच्या कॅप्सूल धाडल्या होत्या.

मी आधी माहिती दिली, कारण नुसत्या धीराच्या शब्दांवर माझा विश्वास नाही. अळंबीच्या पेशीभित्तिकेत बीटा-ग्लुकान ही शर्करेची साखळी असते. मॅक्रोफेजसारख्या रोगप्रतिकारक पेशींवरील डेक्टिन-१ हा ग्राहक (रिसेप्टर) तिला बुरशीची खूण म्हणून ओळखतो आणि त्या पेशी सायटोकाइन ही संदेशवाहक प्रथिने सोडून इतरांना सावध करतात. शिटाके अळंबीतून काढलेले लेंटिनान जपानमध्ये १९८५ साली जठराच्या कर्करोगात केमोथेरपीच्या जोडीला मंजूर झाले, पण ते शुद्ध केलेले इंजेक्शन होते, बाजारातली कॅप्सूल नव्हे. शिवाय केमोथेरपीत घटतात त्या न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशी अस्थिमज्जेत तयार होतात. आहे ती पेशी सावध होणे वेगळे आणि पेशींची संख्या भरून येणे वेगळे.

“म्हणजे देऊ नको?” त्याने विचारले.

“बाटली मागवलीत त्या दिवशी काय झालं होतं?”

तो बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, “आई एकटीच एसटीने केमोला गेली होती. फोनवर म्हणाली, ‘मी बरी आसय.’”

माणूस काय विचारतो यापेक्षा केव्हा विचारतो, हे ऐकायला शिकण्यात माझी बरीच वर्षे गेली. त्याला मॅक्रोफेजची चिंता नव्हतीच. पाचशे किलोमीटरवरून आईच्या हातात काहीतरी ठेवता यावे, एवढेच त्याला हवे होते.

म्हणून मी त्याला करता येण्याजोगी कामे दिली. बाटलीचे नाव फोनवर न सांगता लेबलासह बाटलीच कर्करोगतज्ज्ञांना दाखवावी. रक्त पातळ करणारी गोळी चालू असल्यास तेही सांगावे, कारण रेशीने रक्तस्रावाचा धोका वाढू शकतो. घरात थर्मामीटर हवाच, आणि केमोच्या काळात ताप ३८ अंश सेल्सिअसवर गेला तर सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठावे.

पुढच्या भेटीला आई स्वतः आली. पिशवीतून तिने रुमालात गुंडाळलेली बाटली काढली. सील जसेच्या तसे होते.

“झिलान धाडल्यान, टाकूक जीव होत नाय,” ती म्हणाली.

डॉक्टरांनी लेबल वाचून उपचार संपेपर्यंत कॅप्सूल घेऊ नयेत असे सांगितले. पुढच्या केमोला एसटीत तिच्या शेजारी मुलगा होता. बाटली मात्र आजही कोकमाच्या बरणीमागे आहे.