बाणस्तारीच्या पुलाचं बोल

"मी पणजीच्या एका इस्पितळात नर्स आहे. नाइट ड्युटी असली की सकाळी आठला सुटते, स्कुटरने साखळीला घरी येते. स्वयंपाक आटपून अकराला आडवी होते, तर एकला सासूबाई उठवतात, मासळी आलीय म्हणून. वर शेजारणींना सांगतात, सून दिवसभर लोळते. परवा येताना बाणस्तारीचा पूल कधी ओलांडला तेच आठवेना, इतकी थकते. सासूबाईंना कसं समजावू?"
– झोपेला मुकलेली

बाय, सासूबाई राहू देत. पुलाचं बोल.

तू पूल विसरली नाहीस, बहुतेक पुलावर झोपली होतीस. डोळे उघडे असतात, मेंदू मात्र काही सेकंद मिटतो आणि ज्याचा मिटतो त्याला पत्ता लागत नाही. ताशी 50 च्या वेगाने स्कुटर सेकंदाला जवळजवळ 14 मीटर पळते. अशी चारच सेकंदं धरली तरी 55 मीटर ती कुणीही चालवत नव्हतं, आणि खाली कुंभारजुव्याचा कालवा!

दुपारी एकला उठलेली तू सकाळी आठला सुटतेस, म्हणजे 19 तास जागी. सलग 17 तास जागलेल्या माणसाचे हातपाय आणि नजर, 100 मिलिलिटर रक्तात 50 मिलिग्रॅम दारू असल्यासारखी मंदावतात, हे तपासून पाहिलेलं आहे. आपल्या कायद्याची मर्यादा 30 मिलिग्रॅमची. गुंगीचं औषध दिलेल्या पेशंटला 'आज गाडी चालवायची नाही' असं दटावणारी तूच ना? मग स्वतःच्या बाबतीत अक्कल कुठे गहाण टाकलीस?

नाइट असेल त्या दिवसांत स्कुटर घरीच राहील. जाताना बस, येताना बस. पणजी स्टँडवरून साखळीच्या गाड्या सुटतात. खिडकीशी बस, कंडक्टरला सांगून ठेव आणि खुशाल घोर. घरी पोचायला उशीर होईल, मग स्वयंपाकाचं काय, असं म्हणशील. भात लावायला नर्सिंगचा कोर्स लागत नाही. घरात आणखी दोन माणसं आहेत.

चहा पिऊन निघते, वाऱ्याने तरतरी येते, वगैरे मला सांगू नकोस. वाऱ्याने झोप उडत असती तर पूल आठवला असता.

नवऱ्याला हे सांगितलंयस का? पत्रात तो कुठे दिसला नाही. अनोळखी बाईला कळवलंस आणि त्याला नाही, हे मला पटलेलं नाही. आज ड्युटीला निघण्याआधी स्कुटरची चावी त्याच्या हातात दे आणि का देतेस तेही सांग. सासूबाईंसमोरच सांग.