मोसमी भाज्या आणि फळे वापरून रोजचा स्वयंपाक आरोग्यदायी कसा करावा?

आपण लिहिले आहे की घरात दोघेही नोकरी करता, दोन शाळकरी मुले आहेत आणि वर्षभर कोबी, फ्लॉवर, भेंडी व बटाटा याच भाज्या आलटून पालटून होतात. मोसमी भाज्या आणाव्यात असे वाटते, पण त्या करायच्या कशा हे ठाऊक नाही आणि वेळही हाताशी नसतो. मी गेली बावीस वर्षे डोंबिवलीत संसार आणि नोकरी दोन्ही सांभाळते आहे, त्या अनुभवावरून उत्तर देते.

आठवड्याच्या भाज्या घरी बसून ठरवू नयेत, असा माझा पहिला आग्रह आहे. बाजारात जी भाजी ढिगाने आली आहे, टवटवीत आहे आणि मागच्या आठवड्यापेक्षा स्वस्त झाली आहे, ती त्या मोसमाची. हे ओळखायला तक्ता लागत नाही. भाजी बाजारात ठरू द्यावी आणि आपण तिची पद्धत तेवढी ठरवावी. पालेभाजीच्या पद्धती आपल्याकडे मोजक्याच आहेत: नुसती परतून, पीठ पेरून, डाळ घालून, किंवा ताक वा चिंच लावून पातळ. मुळ्याचा पाला पीठ पेरून चांगला लागतो, शेपूला मूगडाळ मानवते, चाकवत ताकातला करावा, आणि अंबाडी मुळातच आंबट असल्याने तिला तूरडाळ, थोड्या कण्या आणि वरून लसणाची खमंग फोडणी पुरते. या चार पद्धती हातात बसल्या की अनोळखी जुडी पाहून बिचकायला होत नाही.

सर्वांत अधिक लक्ष पावसाळ्याकडे द्यावे, कारण त्याच दिवसांत नेहमीची मेथी आणि कोथिंबीर महाग, चिखलाने भरलेली आणि लवकर सडणारी मिळते, तर ठाणे, पालघर आणि रायगडच्या डोंगरांतून येणाऱ्या रानभाज्या ऐन भरात असतात. टाकळा पहिल्या पावसानंतर कोवळा असतानाच खावा, कारण पुढे तो कडसर आणि चरबट होतो. शेवळे जूनमध्ये थोडेच दिवस मिळतात. ती घशाला खाजतात, म्हणून विकणाऱ्या बायका त्यांच्याबरोबर काकडाची आंबट-तुरट फळेही देतात, आणि ती न घालता शेवळे कधीही करू नयेत. अळूचेही तसेच आहे. त्यात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात, तेच घशाला टोचतात. म्हणून अळूच्या फतफत्यात चिंच किंवा आंबट चुका असतो आणि ते भरपूर शिजवले जाते. हरभऱ्याची डाळ आणि शेंगदाणे घातल्याने त्याच वाटीत प्रथिनेही येतात. या जुन्या जोड्या मला फार मोलाच्या वाटतात, कारण त्यांत चव आणि पथ्य एकत्र सांभाळलेले असते. मात्र घरात कुणाला मूतखड्याचा त्रास असेल, तर अळू आणि पालक किती खावा हे डॉक्टरांना विचारावे, आणि रानभाजी स्वतः खुडून न आणता जाणकार विक्रेत्याकडूनच घ्यावी.

शिजवण्याच्या बाबतीत तीन सवयी मी कटाक्षाने पाळते. पालेभाजी आधी धुऊन निथळावी आणि मगच चिरावी, कारण चिरल्यावर धुतली तर पाण्यात विरघळणारी जीवनसत्त्वे पाण्याबरोबर वाहून जातात. फळभाजीवर खोलगट झाकण ठेवून त्यात पाणी घालावे. भाजी स्वतःच्या वाफेवर शिजते, करपत नाही, म्हणून चौघांच्या भाजीला दोन चहाचे चमचे तेल पुरते, आणि रस्सा हवा असेल तर झाकणातले गरम पाणीच आत ओतता येते. तिसरी सवय लिंबाची. पालेभाजीतले लोह शरीराला सहज मिळत नाही, क जीवनसत्त्व बरोबर असेल तर ते अधिक मिळते. परंतु हे जीवनसत्त्व उष्णतेने कमी होते, म्हणून लिंबू गॅस बंद केल्यावर किंवा पानात पिळावे, आणि जेवणाला लागूनच चहा घेऊ नये. लोखंडी कढई असेल तर जरूर वापरावी. आंबट भाजी मात्र शिजताच दुसऱ्या भांड्यात काढावी, नाहीतर ती काळवंडते.

प्रमाणाचा विचार बहुतेक घरांत होत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या सल्ल्यानुसार मोठ्या माणसाने दिवसाला बटाट्यासारखे कंद सोडून किमान 400 ग्रॅम फळे व भाज्या खाव्यात, आणि आपण तर चौघांत अर्धा किलो भाजी दोन वेळा पुरवतो. ही तूट भरून काढायला कोशिंबिरीसारखा सोपा उपाय नाही: उन्हाळ्यात काकडी, थंडीत गाजर आणि मुळा, त्यावर दाण्याचे कूट आणि चमचाभर फोडणी. गाजरातले कॅरोटिन शोषले जायला थोडी स्निग्धता लागतेच, त्यामुळे ती फोडणी गाळू नये.

थंडीत तर निवड करणेच कठीण व्हावे इतकी विपुलता असते. संक्रांतीच्या आदल्या दिवशी होणारी भोगीची भाजी, म्हणजे ओला हरभरा, वांगी, गाजर, घेवडा, बोरे आणि तिळाचे कूट, आणि तिच्याबरोबर तीळ लावलेली बाजरीची भाकरी, हे जेवण वर्षातून एकदाच का करावे, हे मला कधीच कळले नाही. आमच्याकडे जानेवारीत ते दर रविवारी होते.

फळे शक्यतो चावून खावीत, रस काढू नये. क जीवनसत्त्वासाठी संत्र्याचे नाव घेतले जाते, पण 100 ग्रॅम पेरूत ते सुमारे 200 मिलिग्रॅम असते, म्हणजे संत्र्याच्या साधारण चौपट. मुलांच्या डब्यात थंडीत पेरू आणि बोरे, मे महिन्यात करवंदे, जूनमध्ये जांभळे द्यावीत. आमरसात साखर घालू नये. हापूस पिकलेला असेल तर ती लागतच नाही. एक सावधगिरी दुधीबाबत: चिरताना छोटा तुकडा जिभेला लावून पाहावा आणि कडू लागला तर सबंध दुधी टाकून द्यावा, कारण त्या कडवटपणाने विषबाधा होऊ शकते.

वेळेचे म्हणाल, तर शनिवारी संध्याकाळी सर्वांनी मिळून पालेभाजी निवडावी, न धुता सुती कापडात गुंडाळून फ्रिजमध्ये ठेवावी आणि तीन दिवसांत संपवावी. सकाळी धुऊन, चिरून, परतायला वीस-पंचवीस मिनिटे पुरतात. सुरुवातीला आठवड्याला एकच अनोळखी भाजी आणावी आणि ती कशी करायची हे विकणाऱ्या बाईंनाच विचारावे. भारंगीचा पाला उकडून, पाणी पिळून काढून, कांदा आणि भिजवलेले वाल घालून करायचा, हे मला स्टेशनबाहेर बसणाऱ्या एका मावशींनीच शिकवले.