बीएस्सी मायक्रोबायोलॉजीसोबत फार्माकॉलॉजी (औषधशास्त्र) हा मायनर, म्हणजे दुय्यम विषय, झेपेल का?

झेपेल, पण औषधांची नावं घोकत बसलात तर नाही. आधी एक गैरसमज काढून टाका: मायनर करून फार्मासिस्ट म्हणून नोंदणी होत नाही, त्यासाठी डी.फार्म, बी.फार्म किंवा फार्म.डी. लागतं.

सुरुवात फार्माकोकायनेटिक्सने, म्हणजे औषध शरीरात कसं शोषलं जातं, पसरतं आणि बाहेर पडतं त्या भागाने करा, कारण मार्क तिथेच जातात. अर्धायुष्य (रक्तातली पातळी निम्मी व्हायला लागणारा वेळ) = ०.६९३ × वितरण आकारमान (औषध जेवढ्या द्रवात पसरल्यासारखं भासतं ते) ÷ क्लिअरन्स (ठरावीक वेळात औषधापासून मोकळं होणारं रक्त). समजा आकारमान ४२ लिटर आणि क्लिअरन्स १०० मिली प्रति मिनिट. इथे बरेच जण ४२ ला थेट १०० ने भागतात आणि भलतंच उत्तर काढतात. आधी १०० मिली प्रति मिनिट म्हणजे ताशी ६ लिटर करून घ्या. मग अर्धायुष्य ४.८५ तास येतं. ठरावीक अंतराने डोस देत राहिल्यास रक्तातली पातळी चार-पाच अर्धायुष्यांत, म्हणजे साधारण २० ते २४ तासांत स्थिरावते. डोस दुप्पट केला तर बहुतेक औषधांची पातळी दुप्पट होते, पण स्थिरावायला वेळ तेवढाच लागतो. तोंडी परीक्षेत हमखास विचारतात.

डोस आणि परिणाम यांचे आलेख हाताने काढा. स्पर्धात्मक अँटॅगॉनिस्टने (औषधाच्याच जागेसाठी झगडून त्याचा परिणाम अडवणाऱ्या पदार्थाने) वक्र उजवीकडे सरकतो, उंची, म्हणजे कमाल परिणाम, तीच राहते. अस्पर्धात्मकाने उंचीच घटते.

नावं गटाने लक्षात ठेवा: नावाच्या शेवटी ‘-ओलॉल’ असेल तर बीटा ब्लॉकर, ‘-प्रिल’ असेल तर एसीई इनहिबिटर; दोन्ही रक्तदाबावरच्या औषधांचे गट. अँटिबायोटिक्स तुम्हाला मायक्रोबायोलॉजीमुळे सोपीच जातील.

एमबीबीएसचं जाडजूड पुस्तक नवं कोरं कशाला? पुण्यात अप्पा बळवंत चौकातल्या पुस्तकांच्या दुकानांत जुनी आवृत्ती शोधा. मूलतत्त्वांना ती पुरते. उपचारांची प्रकरणं मात्र नव्या आवृत्तीतून, लायब्ररीत बसून वाचा.