चौकश्या आहेत, टोमणे नाहीत

प्रश्न : ताई, मी ४२ वर्षांची, जुळे सोलापूरला राहते, बँकेत आहे. सध्या मोबाइलवर इंग्लिश रोमान्स वाचायचं वेड लागलंय, त्या छोट्या गावातल्या कादंबऱ्या, मुलगी शहरातली नोकरी सोडून आजीच्या घरी येते, बेकरी काढते, मग एक सुतार नाहीतर जनावरांचा डॉक्टर भेटतो वगैरे. शेवट पहिल्या पानावरच कळतो तरी एक संपली की दुसरी. मुलगी म्हणते मम्मी हे सगळं सेमच आहे की. काय असतं ह्यात नेमकं?

उत्तर : सेमच असतं, मुलगी बरोबर बोलतीय. आणि ते कुणी लपवलेलं पण नाही. अमेरिकेतल्या रोमान्स लेखकांच्या संघटनेची व्याख्याच तशी, की गोष्टीच्या मधोमध प्रेमकथा पाहिजे आणि शेवट समाधान देणारा, आशा ठेवणारा पाहिजे. म्हणजे काय होणार हा प्रश्नच नाही, कसं होणार तेवढंच बघायचं. दिवसभर कॅश टॅली होईपर्यंत जीव टांगणीला, घरी येऊन परत कशाला टांगून घ्यायचा?

पण हॅपी एंडिंग तर सगळ्याच रोमान्सला असतं. रोमान्स छापणाऱ्या कंपन्याच बघा, लंडनचं मिल्स अँड बून १९०८ चं, कॅनडाचं हार्लेक्विन १९४९ चं, १९७१ ला हार्लेक्विननं मिल्स अँड बून घेतलं, आणि त्यांच्याकडं ग्रीक कोट्यधीश, शेख, सर्जन असले हीरो रांगेत उभे. त्यांच्यापुढं तुमचा सुतार म्हणजे किस झाड की पत्ती, तरी तुम्हाला तोच पाहिजे. माझं विचाराल तर तुमचा जीव जडलाय तो त्याच्या गावावर.

बघा ना, हिरॉइन बिजागरी आणायला हार्डवेअरच्या दुकानात जाते तर दुकानदाराला कुठलं दार, कुणी मोडलं, कोण दुरुस्त करणार सगळं आधीच माहीत, कारण सुताराची आत्या सकाळी येऊन गेलेली. आता हेच आपल्याकडं घ्या, पार्क चौकात तुम्ही कुणाबरोबर भेळ खाल्ली की गाडी घरी लागायच्या आत मावशीचा फोन! माहिती तीच, तिथं मात्र त्या माहितीचा कुणाला त्रास होत नाही. आत्या भोचकपणा करते तो दोघांना एका टेबलावर बसवण्यापुरता. पोरगी कुणाची, पाहुणे कोण, कुठल्या समाजाची, हे कुणी विचारतच नाही. सगळ्यांनी आपल्याला ओळखावं पण कुणी आपलं वाकडं करू नये, असं गाव आपल्याला मिळालेलं नाही, मग वाचतो. त्यात सीरिज असली की मागच्या पुस्तकातली जोडी पुढच्यात कडेवर बाळ घेऊन कॅफेत दिसते, म्हणजे परत परत जायला गाव तेच राहतं.

(बेकरीला कधी तोटा का येत नाही हे बँकवालीनं विचारू नये.)

प्रश्न : ‘स्वीट रोमान्स’ म्हणजे सोज्वळ का? सासूबाईंसमोर वाचलं तर चालेल?

उत्तर : चालेल. बेडरूमचं दार वाचकासाठी बंद, फार तर एखादं चुंबन. पण ओढ कमी नसते हं, पिठानं भरलेल्या हाताला हात लागला तरी चार पानं जातात.

प्रश्न : ताई, मी सोलापूरच्या पूर्व भागातला, गोष्टी लिहितो. सोलापूरवर असली कादंबरी जमेल का ओ? मित्र म्हणतात आपल्याकडं रोमान्स फक्त रिक्षाच्या मागं लिहिलेला असतो.

उत्तर : मित्रांना लिहायला लावू नका म्हणजे झालं. २०११ च्या जनगणनेत सोलापूर साडेनऊ लाखांचं, त्यामुळं अख्खं शहर घेऊ नका, एक गल्ली घ्या. घरात तेलुगू, दुकानात मराठी, शेजारी कन्नड, खाली यंत्रमागाची खटखट, त्यात दोघं हळू बोलूच शकत नाहीत, सगळं ओरडून सांगावं लागतं, हा सीन मला आत्ताच वाचायचाय. गड्ड्याची जत्रा तर आयतीच आहे, संक्रांतीच्या वेळी सिद्धरामेश्वरांच्या योगदंडाबरोबर कुंभारकन्येचं लग्न लागतं आणि अक्षता टाकायला अख्खं गाव लोटतं. फक्त ती मूळ कथा प्रेमकथा म्हणून वापरू नका, बिचारीला नवरा म्हणून दंडच मिळाला, वरच्या व्याख्येत ते बसत नाही. गर्दीत तुमचे दोघं चुकामूक होऊन भेटू देत.

राहिली जात. ती सगळीच गाळली तर आपले वाचक हसतील, सगळी आणली तर कादंबरी वेगळीच होईल. मी असते तर विचारणारी एक काकू ठेवली असती आणि तिला तिच्याच सुनेकडनं उत्तर दिलं असतं. आणि हो, पहिल्याच भागात सगळ्या गल्लीची लग्नं उरकू नका, पुढच्या भागांना माणसं लागतील.