अडीच महिन्यांचा पर्वतीय देश

प्रश्न : झंगेझुर कॉरिडॉरच्या, म्हणजे दक्षिण आर्मेनियातून अझरबैजानला नाखिचेवानशी जोडू पाहणाऱ्या मार्गाच्या बातम्या वाचताना कळलं, की १९२१ साली तिथे ‘पर्वतीय आर्मेनिया’ नावाचं स्वतंत्र राष्ट्र होतं. ते खरंच आर्मेनियातून फुटून निघालं होतं का? आज त्याच्या काही खुणा दिसतात का?

उत्तर : ‘फुटून निघालं’ हा शब्द मला खटकतो. तिथल्या लोकांना आर्मेनियातच राहायचं होतं, आर्मेनियाच हातातून गेला होता. १९२०च्या डिसेंबरात येरेवानमध्ये बोल्शेविकांची सत्ता आली. दक्षिणेतल्या झंगेझुरच्या डोंगराळ भागात, म्हणजे आजच्या सियुनिक प्रांतात, आर्मेनियन सेनानी गारेगिन नझदेह यांच्या माणसांनी ती मानली नाही. आपला मुलूख सोव्हिएत अझरबैजानला देऊन टाकतील, ही त्यांची भीती होती. २६ एप्रिल १९२१ रोजी तातेवच्या मठात सभा भरवून त्यांनी प्रजासत्ताक जाहीर केलं. जुलैच्या मध्यावर ते संपलं आणि नझदेह अरास नदी ओलांडून इराणात गेले. पण झंगेझुर सोव्हिएत आर्मेनियातच राहिला. शेजारचा नाखिचेवान मात्र अझरबैजानकडे गेला. म्हणून मी या अडीच महिन्यांना पराभव म्हणत नाही.

एक गोष्ट मात्र लपवू नये. त्या वर्षांत झंगेझुरमधली कितीतरी मुस्लिम गावं आर्मेनियन सैन्याने उजाड केली. नझदेहंचं नाव पुढे दुसऱ्या महायुद्धात नाझी जर्मनीशीही जोडलं गेलं. १९५५ साली ते व्लादिमिरच्या सोव्हिएत तुरुंगात वारले. तिथल्या लोकांना ते आपला तारणहार वाटतात, सीमेपलीकडच्यांना अजिबात नाही. दोन्ही बाजूंचं मला समजतं.

मी तीस वर्षं शाळेत भूगोल शिकवला. नकाशावर आर्मेनियाची ती खाली उतरणारी चिंचोळी पट्टी कितीदा छडीने दाखवली असेल, पण ती कशी टिकली हे मला कुठे माहीत होतं! २०२४च्या मे महिन्यात गेलो, तेव्हा गोरिसला पाच दिवस राहिलो. दगडी घरांचं शांत गाव आहे, वरच्या कड्यांत जुन्या गुहांची घरं दिसतात. घरमालकीणबाईंनी तुतीची घरगुती दारू पुढे ठेवली आणि २०२३च्या सप्टेंबरचं सांगू लागल्या. अझरबैजानने ताबा घेतल्यावर नागोर्नो-काराबाख या आर्मेनियन वस्तीच्या प्रदेशातून काही दिवसांत लाखभर माणसं याच रस्त्याने आली. बाईंनी खालच्या खोलीत दोन कुटुंबं ठेवली होती. भिंतीशी अजून एक छोटी सायकल उभी होती, तिच्यावर धूळ नव्हती.

तातेवला नक्की जा. वोरोतानच्या दरीवरून जाणारा रोपवे २०१०मध्ये सुरू झाला, साडेपाच किलोमीटरहून लांब आहे. मठ नवव्या शतकातला. त्याच्या आवारातला गावाझान हा दगडी खांब जमिनीच्या हादऱ्याने डोलायचा, असं सांगतात. १९३१च्या भूकंपात मठाची मोठी पडझड झाली होती. मी ज्या अंगणात बसलो, तिथेच ती सभा भरली असेल म्हणून बराच वेळ उठवेना.

गोरिसहून कापानला जाताना चालकाने गाडी तातेवकडच्या वळणावळणाच्या रस्त्याला घातली. जुन्या मोठ्या रस्त्याचे काही तुकडे आर्मेनिया-अझरबैजानच्या २०२०च्या युद्धानंतर अझरबैजानच्या ताब्यात गेलेत. त्याच घाटात इराणी मालट्रकांची रांग लागते. पुढे काजारानला तांब्या-मोलिब्डेनमची खाण आहे, आणि डोंगर उतरलात की मेघ्री. तिथे हवा एकदम उबदार होते, डाळिंब-अंजिरांच्या बागा लागतात. तुम्ही वाचलेला कॉरिडॉर इथूनच जायचाय. ऑगस्ट २०२५मध्ये वॉशिंग्टनला त्याबद्दल करार झाला. इथला रेल्वेमार्ग १९९०च्या दशकाच्या सुरुवातीपासून बंद आहे.

मेघ्रीजवळ अरासचं पात्र इतकं अरुंद आहे, की पलीकडच्या इराणी रस्त्यावरच्या गाड्या स्पष्ट दिसतात. संध्याकाळी काठावर उभा होतो, तेव्हा तिथे दिवे लागत होते.